माझा उजवा पाय आणि भाऊजींचा डावा

गेल्या आठवड्यात ब्लाउज न्यायला आलेल्या एका ताईंनी जाता जाता विचारलं, "काकू, तुमचा तो पायातला प्लास्टिकचा स्प्लिंट कुठून आणला? आमच्या आईंचं पाऊलपण असंच पडलंय. तसलाच आणते म्हणते." मी हातातली कातर बाजूला ठेवली आणि त्यांना स्टुलावर बसवलं. तसलाच का आणू नका, हे सांगायला पाऊण तास लागला. त्या दिवशी जे बोलले ते आणि जे राहून गेलं ते, सगळं इथे लिहून ठेवते.

मी सांगलीत शिवणकाम करते, सत्तावीस वर्षं झाली. 2018 च्या पावसाळ्यात कमरेत चमक भरली, ती उजव्या पायात उतरली, आणि चौथ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठले तर पाऊल पुढून उचलेचना. टाच टेकायची आणि मागोमाग पंजा फरशीवर आपटायचा. फटक. फटक. घरातल्यांना वाटलं मी चप्पल घालून स्वयंपाकघरात फिरतेय. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नसेवर बसलेली दिसली. ऑपरेशन झालं, कळ थांबली, पाऊल मात्र तसंच लोंबत राहिलं. डॉक्टरांनी कागदावर 1/5 लिहिलं. पाचपैकी एक म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो, पाऊल हलत नाही. तीन म्हणजे पाऊल स्वतःचं वजन पेलून वर येतं. आज मी दोन आणि तीनच्या मधे कुठेतरी आहे आणि आता तिथेच राहणार आहे.

याला फूट ड्रॉप म्हणतात. नडगीच्या पुढचा स्नायू पाऊल वर उचलतो. त्याची नस कमरेतून निघते, मांडीच्या मागून खाली येते आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हाडाचा एक टेंगूळ हाताला लागतो, त्याला वळसा घालून पुढे जाते. त्या जागी ती अगदी कातडीखाली असते. म्हणून घट्ट प्लास्टर, पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणं, उकिडवं बसून दिवसभर केलेली खुरपणी, यातल्या कशानेही ती तिथे दबू शकते. कुष्ठरोगातही हीच नस बऱ्याचदा धरली जाते. अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल आणि पाऊल पडलं असेल, तर स्प्लिंट शोधत बसू नका, आधी सरकारी दवाखाना गाठा. तिथे त्याचे औषध फुकट मिळते आणि वेळेत गेलं तर नस वाचते.

पहिल्या वर्षात मी तीनदा पडले, तिन्ही वेळा उंबरठ्यावर. आमचं घर जुनं, देवघराचा उंबरठा चार बोटं उंच. पाय उचलला असं मला वाटायचं, गुडघा खरंच वर यायचा, पण बोटं खालीच राहायची आणि अडकायची. चिखलातून चालताना उचलतात तसा गुडघा उंच उचलायची सवय लागली, त्याने दुसऱ्या बाजूची कंबर धरली. पावलाच्या वरच्या अंगाला बधिरपणा होता तो वेगळाच. एकदा मारुती चौकातून येताना कोल्हापुरी चप्पल पायातून निसटून रस्त्यात राहिली आणि मला कळलंही नाही. मागून एक शाळकरी मुलगा ती हातात घेऊन पळत आला. त्या पोराने "आजी" अशी हाक मारली. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. घरी येऊन खूप रडले.

मग औषधाच्या दुकानातून तयार स्प्लिंट आणला. एल अक्षरासारखा, मागून पोटरीला आणि खालून तळव्याला. दुकानदाराने विचारलं, "मीडियम का लार्ज?" इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की छाती छत्तीस असलेल्या दोन बायकांना एक ब्लाउज बसत नाही, आणि माझ्या पायाला मात्र मी मीडियम घेऊन घरी आले. आठव्या दिवशी बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढा फोड आला. बधिर पायाला दुखलं नाही, मोज्याला पाणी लागलेलं दिसलं तेव्हा समजलं. तो फोड भरायला महिना गेला.

मापाचा स्प्लिंट बनतो हे मला मिरजेत व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं. ज्यांनी तो बनवला ते ऑर्थोटिस्ट आमच्या पोराच्या वयाचे, पण मी त्यांना सरच म्हणते. ते माप घेताना मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. आधी पायात पातळ सुती मोजा चढवला. मग जांभळ्या पेन्सिलीने घोट्याची दोन्ही हाडं, करंगळीमागचं हाड आणि गुडघ्याखालचा तो टेंगूळ, जिथे जिथे हाड वर येतं तिथे गोल केले. पेन्सिल ओली झाली की खूण आतून प्लास्टरवर उमटते. पुढून एक पट्टी ठेवून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि पाऊल काटकोनात धरून ठेवलं. प्लास्टर घट्ट झालं की पट्टीवरून कापून साचा काढला. त्या साच्यात प्लास्टर ओतलं की आपल्या पायाचा पांढरा पुतळा तयार होतो. मग त्या पुतळ्यावर खरं काम: हाडाच्या खुणांवर प्लास्टरचा लेप वाढवायचा, मांसल जागी घासून कमी करायचं. म्हणजे वर जे प्लास्टिक बसेल ते हाडापाशी सैल आणि पोटरीला बेताचं घट्ट. मी म्हटलं, सर, आमचा टक्स आणि तुमचा लेप एकच आहे. शेवटी पॉलिप्रोपिलीनचा जाड पत्रा भट्टीत तापवतात. गार असताना तो दुधासारखा पांढरा असतो आणि तापला की काचेसारखा आरपार दिसायला लागतो. तो पुतळ्यावर पांघरायचा, आतली हवा ओढून घ्यायची, की तो कातडीसारखा चिकटतो.

आणि मग कापायची रेघ. हे कुणी सांगत नाही म्हणून नीट लिहिते. तोच पत्रा, तेच माप, पण घोट्यापाशी कडा कुठून कापली यावर स्प्लिंटचा सगळा स्वभाव ठरतो. कड घोट्याच्या हाडांच्या मागून नेली तर मागे अरुंद पट्टी उरते, ती स्प्रिंगसारखी वाकते आणि पाऊल हवेत आलं की वर उचलून धरते. कड घोट्यांच्या पुढून नेली तर घोटा दोन्हीकडून पकडला जातो आणि हलतच नाही. मधल्या प्रकारात बिजागरी बसवतात. माझा घोटा फक्त लुळा, आखडलेला नाही, पाऊल खाली दाबायची ताकद शाबूत. मला मागून कापलेला लागतो. बगल खोल कापली तर ब्लाउज वेगळा बसतो आणि वर कापली तर वेगळा, हे ज्याला माहीत आहे त्याला हे समजवावं लागत नाही.

नवा स्प्लिंटही पहिल्या दिवशी आठ तास घालायचा नसतो. पहिल्यांदा एक तास, मग काढून पाय बघायचा, हळूहळू वाढवायचं. लाल वळ उठला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर तिथे स्प्लिंट चावतोय. मला टोचलेलं कळत नसल्यामुळे मी एक युक्ती केली. घोट्याच्या हाडाला ओलं कुंकू लावलं, मोजा न घालता स्प्लिंट चढवला, चार पावलं टाकली आणि काढला. आतल्या बाजूला जिथे घासत होतं तिथे लाल ठिपका उमटला होता. तो तसाच घेऊन सरांकडे गेले. त्यांनी गरम हवेच्या बंदुकीने ती जागा मऊ केली आणि आतून दाबून बाहेर फुगवली. दहा मिनिटांचं काम. कितीतरी लोक अशा दहा मिनिटांसाठी परत न जाता स्प्लिंट माळ्यावर टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बुटांचंही तसंच. स्प्लिंट बुटाच्या आत जातो, म्हणून बूट एक नंबर मोठा घेऊन आतली गादी काढावी लागते. मी दोन नंबरांचे दोन जोड घेते आणि एकेक पाय वापरते. टाचेची उंची मात्र बदलायची नाही. स्प्लिंट सपाट बुटासाठी घडवला असेल आणि तुम्ही लग्नाला जाताना उंच टाचेत घातला, तर नडगी पुढे ढकलली जाते आणि गुडघा मोडल्यासारखा होतो.

माझं मशीन पायाचं होतं. पायडल पुढे दाबता यायचं, मागे पंजा उचलता यायचा नाही, पाऊल घसरून खाली यायचं. मशीनला मोटर बसवली आणि तिचं पायडल डाव्या पायाखाली घेतलं. डाव्या पायाला वेग सांभाळायला शिकवण्यात दोन महिने गेले. तेवढ्यात कितीतरी टिपा उसवल्या.

2022 मध्ये माझ्या धाकट्या दिरांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. तीन महिन्यांनी ते काठी घेऊन उभे राहिले तेव्हा त्यांचंही पाऊल पुढून लोंबायचं. जाऊबाई म्हणाल्या, "ताईंसारखाच झालाय, ताईंसारखाच स्प्लिंट आणू." लवचिक, तयार, दुकानातला आणला. मला आधी विचारलं असतं तरी तेव्हा मी हो म्हटलं असतं, कारण मलाही पाऊल पडलेलंच दिसत होतं. पण भाऊजी तो घालून चालले की पाऊल आतल्या बाजूला वळायचं, स्प्लिंटसकट पिळवटायचं, आणि गुडघा मागे खाडकन जायचा. मी गुडघा उंच उचलून चालायची. ते गुडघा न वाकवता, विळा फिरवावा तसा पाय बाहेरून फिरवून आणायचे.

व्यायामाच्या मॅडमनी जे समजावलं ते असं: माझी मधली तार तुटकी आहे. भाऊजींची तार खालपर्यंत धडधाकट आहे, स्नायूही आहे, वरून मेंदूचा हुकूम येत नाही. आणि वरचा लगाम सुटल्यामुळे त्यांची पोटरी आपल्या मनाने आखडते, पाऊल खाली आणि आत ओढते. लुळ्या पायाला उचलणारी स्प्रिंग पुरते, आखडलेल्या पायाला पकडून ठेवणारा हात लागतो. त्यांना घोट्याच्या पुढून कापलेला कडक स्प्लिंट बनवला, आतल्या कडेला थोडा उंच, वर घोट्यावरून एक आडवा पट्टा. तो घातल्यावर गुडघ्याचं मागे जाणं पहिल्याच दिवशी कमी झालं.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत मॅडमनी एकदा भाऊजींना विजेचं यंत्र लावून दाखवलं. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला, त्या टेंगळाच्या जरा खाली, एक चिकटपट्टी, दुसरी नडगीच्या पुढच्या स्नायूवर, कमरेला छोटी डबी, आणि बुटात टाचेखाली एक चपटं बटण. भाऊजींनी टाच उचलली की बटण सुटतं आणि करंट सुरू होतो, नस जागी होते, पंजा वर येतो. टाच टेकली की करंट बंद. माझ्या मोटरचं पायडल दाबलं की चालतं आणि सोडलं की थांबतं. हे बरोबर उलटं. पहिल्यांदा त्यांचा पंजा आपणहून वर आला तेव्हा ते चालायचे थांबले, खाली बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मी काही केलं नाही हं." सहा महिन्यांत तो पाय वर आलेला त्यांनी पाहिला नव्हता. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला.

टाचेच्या बटणाची ही कल्पना साठ वर्षांपेक्षा जुनी आहे, हे भाच्याने वाचून दाखवलं तेव्हा मला खरं वाटेना. 1961 मध्ये व्लादिमीर लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत अर्धांगवायूच्या रोग्यांवर ती वापरल्याचं प्रसिद्ध केलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये सॅलिसबरीला त्यावर खूप काम झालं, आणि आता काही यंत्रांत बटणही नसतं, नडगी किती कलली यावरून ती ओळखतात.

मी त्याच दिवशी म्हटलं, मलापण लावून बघा. लावलं. मुंग्या आल्या, अंगठा किंचित थरथरला, पाऊल जागचं हललं नाही. हे यंत्र नसेमार्फत काम करतं. जिथे नसच अर्धी उरलेली आहे तिथे ते कुणाला हुकूम देणार? मॅडमना ते आधीच ठाऊक होतं, पण मी मागितलं म्हणून त्यांनी करून दाखवलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नुसतं "तुम्हाला चालणार नाही" म्हटलं असतं तर माझ्या मनात ते कायम राहिलं असतं. कुणाला हृदयाचं पेसमेकर असेल तर करंट लावण्याआधी ते सांगायलाच हवं, फिट येत असतील तर तेही.

यंत्र विकत घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. भाऊजी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन त्यावर सराव करायचे आणि बाकी वेळ स्प्लिंट. जाऊबाईंना वाटायचं पैशामुळे आपण त्यांना कमी प्रतीचं देतोय. तेव्हा मॅडमनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत जवळजवळ दोनशे अर्धांगवायूच्या रोग्यांवर झालेल्या आणि 2013 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत यंत्रवाले आणि स्प्लिंटवाले दोघांचाही चालण्याचा वेग वाढला, आणि दोघांत फारसा फरक निघाला नाही. यंत्र लोकांना जास्त आवडलं, एवढं मात्र खरं. आवडणारच, आपला पंजा आपल्या डोळ्यांदेखत उचलला जातो. पण बरोबर मापाचा साधा स्प्लिंट म्हणजे गरिबाची तडजोड नव्हे, हे जाऊबाईंना त्या दिवशी पटलं.

पैशाचं निघालंच आहे तर: केंद्र सरकारची एडिप नावाची योजना 1981 पासून आहे, त्यात उत्पन्नाप्रमाणे अशी साधनं फुकट किंवा कमी किमतीत मिळतात. मुंबईच्या बाजूला असाल तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. कुठेही गेलात तरी एक विचारा, माप कोण घेणार आणि त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे अशा कामाचं शिक्षण घेतलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी आहे का. खोक्यातून काढून हातात ठेवलेला स्प्लिंट फुकट असला तरी घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. माझ्या घोट्यावर अजून डाग आहे.

आता घरातली अडचण, जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. स्प्लिंट बुटात घालायचा आणि आपण बूट दारात काढतो. म्हणजे उंबरठे, ओली मोरी, पायपुसणी, जिथे पडायचा धोका सगळ्यात जास्त, तिथेच आपण उघड्या पायाने. नुसता स्प्लिंट फरशीवर घसरतो. सासूबाईंना मी हात जोडून सांगितलं की घरात मी मागून पट्टा असलेली सँडल घालणार, ती कधीच बाहेर जाणार नाही. त्या म्हणाल्या, "देवघरात नको." ते मी मान्य केलं.

देवघरासाठी मी स्वतःच एक पट्टा शिवला. घोट्याभोवती दोन पदरी ड्रिल कापडाची पट्टी, आत अस्तर, वेल्क्रो. पावलाच्या पुढच्या भागाभोवती दुसरी, अरुंद पट्टी. दोन्हींना जोडणारं दोन इंची इलॅस्टिक, पावलाच्या वरून. ते ताणून लावलं की बोटं खाली पडत नाहीत. अशा धर्तीचे पट्टे विकतही मिळतात. मी सरांना दाखवला, त्यांनी वेल्क्रोची बाजू बदलायला सांगितली आणि बजावलं की हा लुळ्या पायाला चालेल, आखडलेल्याला नाही. पहिल्या पट्ट्याचं इलॅस्टिक महिन्यात सैल पडलं, आता मी दर दोन महिन्यांनी बदलते. देवघराचा उंबरठा आता पायाखालून जातो. तरीही मी एका हाताने चौकट धरतेच.

भाऊजींची अडचण वेगळी होती. डावा हात चालत नाही, मग स्प्लिंटचा वेल्क्रो एका हाताने कसा लावायचा? रोज जाऊबाई लावून द्यायच्या. त्या माहेरी गेल्या की भाऊजी दिवसभर पलंगावर. मी पट्ट्यांच्या टोकांना बोट जाईल एवढं कापडी कडं शिवलं आणि पट्ट्याचं दुसरं टोक कायम अडकलेलं राहील असं केलं. उजवं बोट कड्यात घालायचं, ओढायचं, दाबायचं. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. आज सकाळी चार. मग काठी घेऊन ते एकटे कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जाऊन अर्धा लिटर दूध घेऊन आले.

येताना माझ्या दाराशी थांबले. कड्याची आतली शिवण बोटाला टोचते म्हणाले. बघितलं तर दोऱ्याची गाठ वर आली होती. हातातला फॉल लावून झाला की ती टीप उसवून अस्तर आतून घालणार आहे. कडं माझ्या टेबलावरच आहे, स्प्लिंट त्यांच्या पायात, आणि ते बाहेर स्टुलावर बसून पेपर वाचतायत.